कोल्हापुरात पैसा येतोय. तो लहान दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आणायचा कसा?

प्रश्न असा आला आहे: "आमचं मिरजकर तिकटीजवळ छपाई आणि बाइंडिंगचं लहान दुकान आहे. मी, माझा भाऊ आणि दोन कामगार. हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, अंबाबाई मंदिराचा आराखडा मंजूर झाला, विमानतळाची नवी इमारत झाली. सगळे म्हणतात, कोल्हापूरचे दिवस पालटले. आमच्या गल्ल्यात मात्र काही फरक पडलेला नाही. लहान धंद्याला यातून नेमकं काय मिळतं आणि ते मिळवायचं कसं?"

ताई, गेल्या वर्षभरात हाच प्रश्न माझ्याकडं बऱ्याच जणांनी आणला. लॉजवाले आले, चप्पल लाईनमधले दुकानदार आले, उद्यमनगरातले लेथवाले आले. मी २६ वर्षं शाहूपुरीत बसून लहान उद्योगांच्या कर्जाच्या फायली, प्रकल्प अहवाल आणि निविदांची कागदपत्रं करतो. त्यामुळं जे पाहिलं आहे तेच सांगतो, आणि तुमच्याच दुकानाला धरून सांगतो.

बहुतेक जण माझ्याकडं येऊन पहिल्यांदा विचारतात, "आमच्यासाठी योजना कुठली आहे?" अशा मोठ्या कामांचा पैसा लाभार्थ्यांच्या यादीतून लहान माणसापर्यंत फारसा येत नाही. तो ऑर्डरीच्या रूपानं येतो, नव्या गिऱ्हाइकाच्या रूपानं येतो, आणि त्याच दारानं भाडेवाढही आत येते. ऑर्डर आणि गिऱ्हाईक आपल्याला जाऊन आणावं लागतं. भाडेवाढ मात्र न बोलावता येते. म्हणून वाट बघत बसलेल्या दुकानदाराचं अशा काळात नुकसान होतं.

मोठ्या कामाचा पैसा लहान माणसापर्यंत कसा येतो हे कोल्हापुरात आधीही दिसलं आहे. माझं ऑफिस ज्या पेठेत आहे ती शाहूपुरी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. रेल्वे त्याआधी चार वर्षं, १८९१ मध्ये कोल्हापुरात पोहोचली होती. पुढं राधानगरी धरणाचं काम महाराजांनी हाती घेतलं, ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालं. पाणी आलं तसा ऊस वाढला. उसाला पाणी पाजायला ऑईल इंजिनं आली. इंजिनं बिघडायला लागली तसे दुरुस्ती करणारे मिस्त्री उभे राहिले. सुटा भाग बाहेरून मागवण्यापेक्षा इथंच ओतून घेतलेला बरा, असं म्हणत म्हणत ओतकाम सुरू झालं, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांमध्ये बसतं. या कारागिरीची मुळं शेतकऱ्याच्या बंद पडलेल्या इंजिनात आहेत. धरण हे पहिलं काम, आणि लहान मिस्त्रीच्या हातात पैसा आला तो त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या कडीला. मी आजही कुणाच्याही धंद्याचा विचार याच पद्धतीनं करतो. मोठं काम उभं राहिलं की त्याला रोज काय लागणार आहे, आणि त्यातलं काय मुंबई-पुण्याहून आणणं परवडत नाही?

आता तुमच्या दुकानाकडं येऊ. तुमच्या दृष्टीनं सगळ्यात जवळची गोष्ट सर्किट बेंच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतली प्रकरणं आता इथं चालतात. पूर्वी हे वकील आणि पक्षकार मुंबईला जात. त्यांचा राहण्याचा, जेवणाचा, झेरॉक्सचा, टायपिंगचा खर्च फोर्टातल्या गल्ल्यांत होत असे. तो खर्च आता भाऊसिंगजी रोडच्या आसपास होतो. पण तुम्ही फक्त "झेरॉक्स, प्रिंट" अशी पाटी लावून बसलात तर तिथं आधीच असलेल्या दहा दुकानांत अकरावं दुकान तुमचं. पानामागं पैशा-दोन पैशांची मारामारी, आणि त्यात मशीनचा हप्तासुद्धा निघणार नाही.

वकिलाला हवं काय असतं ते समजून घ्या. त्याला झेरॉक्स नको असते, त्याला उद्या सकाळी दाखल करता येईल अशी फाईल हवी असते. मी एकदा एका ज्येष्ठ वकिलांच्या कचेरीत रात्री नऊपर्यंत बसलो होतो. त्यांचा ज्युनिअर एका अपिलाचं पेपरबुक, म्हणजे सगळ्या कागदांची बांधीव फाईल, परत उसवत होता. कारण एवढंच, की बाइंडिंगवाल्यानं डाव्या बाजूचा समास न बघता शिवण घातली होती आणि प्रत्येक ओळीची पहिली दोन अक्षरं शिवणीत गेली होती. अनुक्रमणिकेत पान ८७ लिहिलेलं, प्रत्यक्षात तो दस्त ९१ वर. सातबाराच्या जुन्या उताऱ्याची प्रत इतकी फिकट, की वाचता येईना. त्या रात्री त्या ज्युनिअरनं दुप्पट पैसे आनंदानं दिले असते. ज्यानं समास बघितला असता, पानांचे आकडे आणि अनुक्रमणिका जुळवून दिली असती, फिकट पानांच्या जागी स्वच्छ टाइप केलेली प्रत जोडली असती, आणि रात्री दहालाही दार उघडलं असतं, अशा दुकानाला त्यानं दिले असते. तुमच्याकडं बाइंडिंगचा हात आहे, डीटीपी येतं. हे काम तुमचंच आहे.

याच्या शेजारीच दुसरं काम आहे आणि त्याकडं अजून फारसं कुणी बघितलेलं दिसत नाही. खालच्या न्यायालयातली कागदपत्रं, जबाब, फेरफार, खरेदीखतं बहुतेक मराठीत असतात. उच्च न्यायालयाचं कामकाज राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालतं. म्हणजे सहा जिल्ह्यांतल्या मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करावं लागतं. 'कुळ', 'वहिवाट', 'पोटखराबा', 'आणेवारी' हे शब्द मशीनला टाकून चालत नाही. मोडी दस्त असला तर वाचणाराच आधी शोधावा लागतो. कोल्हापुरात निवृत्त शिरस्तेदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, घरी बसून काम करू शकणाऱ्या शिकलेल्या मुली आहेत. तुम्ही स्वतः भाषांतर करायला पाहिजे असं नाही. चार विश्वासू माणसं हाताशी धरा, पानामागं दर ठरवा, वेळेत काम करून घ्या आणि तपासून द्या. फक्त दोन पथ्यं पाळा. भाषांतर बरोबर असल्याबद्दल सही कुणाची चालते हे आधी वकिलाला विचारून घ्या, आणि एकाची फाईल दुसऱ्याच्या नजरेला पडू देऊ नका. कोर्टाच्या कामात गुप्तता गेली की गिऱ्हाईक गेलं, ते परत येत नाही.

लगेच भाऊसिंगजी रोडला गाळा घ्यावासा वाटेल. थोडं थांबा. बेंच सध्या सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आहे. कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कातली जागा ठरली आहे. आज मोठी पागडी किंवा काही वर्षांची अनामत देऊन तिथं अडकलात आणि चार-पाच वर्षांत न्यायालय हललं, तर तो गाळा तुमच्या गळ्यात राहील. मिरजकर तिकटीपासून भाऊसिंगजी रोड फार लांब नाही. दुकान आहे तिथंच ठेवा, एक मुलगा दुचाकीवरून फायली आणायला-पोचवायला ठेवा. भाड्याचा पैसा चांगल्या प्रिंटरमध्ये घाला.

आणखी एक हिशोब मनात पक्का असू द्या. न्यायालय वर्षातले सगळे दिवस चालत नाही. शनिवार-रविवार, मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, नाताळ वजा केले तर दोनशेच्या थोडे वर कामाचे दिवस उरतात. कोर्टाच्या गिऱ्हाइकावरच भाडं आणि पगार बेतलेत तर मे महिन्यात पगाराला पैसे नसतील. पण कोल्हापूरचं नशीब असं, की दुसऱ्या गर्दीचं कॅलेंडर बरोबर उलटं आहे. अंबाबाईला आणि जोतिबाला माणूस येतो तो शनिवारी-रविवारी, मे महिन्यात, नवरात्रात, दिवाळीच्या सुट्टीत. ज्यांना लॉज, खानावळ, रिक्षा, डब्यांचा धंदा करायचा आहे त्यांना मी हेच सांगतो. सोमवार ते शुक्रवार वकील आणि पक्षकार, शनिवार-रविवार भाविक. एकाच गर्दीवर विसंबू नका, दोन्हीला चालेल अशी व्यवस्था करा. भवानी मंडपाच्या मागच्या बाजूला एका कुटुंबानं आपल्या जुन्या वाड्यातल्या तीन खोल्या अशाच चालवल्या आहेत. वकिलांसाठी टेबल, दिवा, प्लगची सोय आणि सकाळी सातला चहा. सुट्टीच्या दिवशी त्याच खोल्यांत जादा गाद्या घालून कुटुंबांची सोय. त्यांच्या खोल्या आता फारशा रिकाम्या राहत नाहीत.

मंदिराच्या आराखड्याबद्दल मला थोडं काळजीनंच बोलायचं आहे. मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिरासाठी सुमारे १,४४५ कोटींचा आणि जोतिबासाठी सुमारे २५९ कोटींचा आराखडा मंजूर झाला. काम मोठं आहे आणि गावाला त्याची गरज आहे. पण मंदिराभोवतीचा भाग दाट वस्तीचा आहे. महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड इथं तीन-तीन पिढ्या भाड्याच्या गाळ्यात बसलेले ओटीवाले, बांगडीवाले, हारवाले आहेत. एखादा गाळा जागेसाठी गेला तर मालकाला मोबदला मिळतो. भाडेकरूचं काय?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' ही व्याख्या मालकापुरती नाही. संपादनाच्या आधी तीन वर्षं ज्याची उपजीविका प्रामुख्यानं त्या जागेवर अवलंबून होती त्याचाही त्यात विचार आहे. मात्र ती तीन वर्षं कागदावर दाखवता आली पाहिजेत. हे वाचणाऱ्यांत कुणी त्या भागातला असेल तर आजच एक फाईल करा. शॉप अ‍ॅक्टची नोंद, लाईट बिलं, भाड्याच्या पावत्या, बँकेचा उतारा, महापालिकेच्या परवान्याच्या प्रती आणि दुकानाचे तारखेसह फोटो. आणि हेही ध्यानात घ्या, की सरकारनं वाटाघाटीनं थेट खरेदी केली तर नियम वेगळे लागू शकतात. म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मी असे दोन दुकानदार ओळखतो ज्यांच्याकडं चाळीस वर्षांचा धंदा होता आणि दाखवायला एकही पावती नव्हती. भाडं रोख, पावती कधी मागितलीच नाही, कारण मालक म्हणजे घरचाच माणूस.

तुमचा गाळा भाड्याचा आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर करार लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमानुसार तो तसा असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार हे त्यात आजच लिहून टाका. भाग सुधारला, रस्ता रुंद झाला, पार्किंग झालं की मालकाच्या डोळ्यासमोर नवा आकडा येतो. तो येण्याआधी तुमचा कागद तयार पाहिजे.

आता कोल्हापुरी चपलेकडं आणि गुळाकडं वळतो. छपाईवाल्या ताईंना याच्याशी काय काम, असं वाटेल. सगळ्यात जास्त काम इथंच आहे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या आणि गदारोळ झाला. मग त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबरमध्ये लिडकॉम आणि लिडकार या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, एकेकाची किंमत सुमारे ८०० युरो, असं जाहीर झालं. बातमी मोठी आहे. पण सुभाषनगरात वेणी विणणाऱ्या बाईच्या मजुरीत त्यानं काय फरक पडतो हे बघितलं पाहिजे. मी तिथं एका घरी बसलो होतो. बकऱ्याच्या कातड्याच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या कापून पायाच्या अंगठ्यात अडकवलेल्या, आणि बोटं न बघता वेणी घालत चाललेली. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, त्याचा वास घरभर. विचारलं, "काकी, ही चप्पल तुम्ही केली हे घेणाऱ्याला कसं कळणार?" त्या म्हणाल्या, "कशाला कळायला पायजे? दुकानदार नेतोय की." तो जोड पुढं दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो. शेजारीच रेक्झिनचा जोड त्याच नावानं विकला जातो, आणि गिऱ्हाइकाला फरक सांगणारं त्या पिशवीत काही नसतं.

मानांकनाचं चिन्ह वापरायचं असेल तर कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करावी लागते. फी नाममात्र आहे, अर्ज मात्र किचकट आहे. ही नोंद झाली की त्या जोडाला एक पुठ्ठ्याचं खोकं हवं, आत एक चिठ्ठी हवी. कातडं कुठलं, कमावलं कसं, पावसात काय करायचं, तेल कसलं लावायचं. मराठी, हिंदी, इंग्रजीत. खोक्यावर मानांकनाचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक. हे कोण छापणार? शंभर खोकी छापून देणारा माणूस कारागिराला भेटत नाही, कारण मोठ्या प्रेसला दोन-तीन हजारांच्या खाली ऑर्डर परवडत नाही. तुमच्या मशीनला परवडते. दहा कारागिरांचं खोकं एकाच मापाचं ठेवा, डाय (खोकं कापायचा साचा) एकच करा, नाव तेवढं बदला. त्यांचा खर्च उतरेल आणि तुम्हाला वर्षभराचं काम मिळेल.

गुळाचंही तसंच. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं. तरी आजही बराचसा गूळ मोठ्या रव्यांत, म्हणजे ढेपांत, सौद्याला जातो आणि दर अडत्याच्या पेढीवर ठरतो. जे गुऱ्हाळवाले पाव किलोच्या वड्या, काकवी, पावडर करून मंदिराजवळ आणि विमानतळाच्या रस्त्याला विकायला लागलेत त्यांना किलोमागं चांगला फरक पडतो. पण वेष्टणावर काय छापलं पाहिजे हे त्यांतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, अन्न नोंदणीचा क्रमांक. एक गोष्ट राहिली तर वजन-मापं बघणाऱ्या वैधमापनवाल्यांचा नाहीतर अन्न खात्याचा दंड. हे नियम तुम्ही पाठ करून ठेवलेत तर गुऱ्हाळवाला दर विचारायला दुसऱ्या प्रेसमध्ये जाणार नाही.

मोठ्या ऑर्डरीला एकटं जाऊ नका. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी हे करून दाखवलं आहे. वापरलेली वाळू परत वापरण्याजोगी करायचं यंत्र एका लहान फाउंड्रीला परवडत नाही; त्यांनी क्लस्टर, म्हणजे लहान उद्योगांचा गट, करून ते सामाईक उभं केलं. छपाईत पाच दुकानं एकत्र आली तर चांगलं कटिंग मशीन, लॅमिनेशन, डाय-पंचिंग एकाच जागी ठेवता येतं. क्लस्टरसाठी केंद्राची आणि राज्याची वेगवेगळी योजना आहे, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन दोन्हीचे अर्ज बघा. माझा अनुभव असा, की पैशावरून फारशी क्लस्टर मोडत नाहीत. यंत्र आधी कुणी वापरायचं यावरून मोडतात. ते आधी लिहून ठेवा.

आता कागद. हे कंटाळवाणं आहे, पण खरा तोटा इथंच होतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, केली नसेल तर आज करा. सरकारच्या संकेतस्थळावर ती फुकट आहे. दीड-दोन हजार मागणाऱ्याला देऊ नका. ही नोंद माल देण्याआधीची हवी, नंतर करून मागच्या बिलांना उपयोग होईलच असं धरून चालू नका. नोंद असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय आयकराच्या १९६१ च्या कायद्यात आलेल्या ४३बी(एच) या तरतुदीमुळं एप्रिल २०२४ पासून असं झालं आहे, की मुदत उलटून गेलेलं तुमचं बिल थकवलं तर ते देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की या एका वाक्याची आठवण नम्रपणे करून द्यायची. मी असे पैसे सुटताना पाहिले आहेत. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंद मिळत असली तरी हे संरक्षण मिळत नाही. तुमची छपाई नुसती खरेदी-विक्री नाही, म्हणून तुम्हाला ते मिळतं.

तरीही कायद्याआधी चलन, म्हणजे माल पोचल्याची सहीची पावती, महत्त्वाचं. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादानं चार वर्षांपूर्वी एका सार्वजनिक कामाचं रेलिंग केलं. मुख्य ठेकेदाराचा उपठेकेदार, त्याच्या खाली हे. बोलणं फोनवर. काम चालू असताना माप वाढलं, साहेब म्हणाले "करून टाका, बघू". सहा लाखांचं बिल चौदा महिने अडकलं. माझ्याकडं आले तेव्हा त्यांच्याकडं ना वर्कऑर्डर होती, ना वाढीव मापावर कुणाची सही. शेवटी फोनमधले फोटो, टेम्पोच्या पावत्या, गॅस-रॉडची बिलं जुळवून चार लाख मिळाले. दोन लाख गेले ते गेलेच. त्यांच्या मुलीच्या प्रवेशाची फी त्या वर्षी उसनवारीवर भरली गेली. तुम्ही ठेकेदाराचं, कंपनीचं, कार्यालयाचं काम घ्याल तेव्हा एक ओळीची का होईना लेखी ऑर्डर घ्या, आणि माल पोचवताना चलनावर नाव, सही, तारीख. मुलगा नवीन असेल तर त्याला हे चार वेळा शिकवा.

जीएसटीत तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या लहान धंद्यांच्या सोयीत, असाल तर विचार करा. वकील आणि भाविक यांना त्यानं फरक पडत नाही. पण हॉटेल, कारखाना, निर्यातदार चप्पलवाला यांना तुमच्या बिलावर कराची वजावट मिळत नाही, म्हणून ते दुसरीकडं जातात. राज्याबाहेर मालही पाठवता येत नाही, आणि निपाणी, बेळगाव तर आपल्या दारात आहेत. गिऱ्हाईक कोण हे आधी ठरवा, मग करसल्लागाराला विचारा.

कर्जाबद्दल थोडक्यात. मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत मिळतं, आणि त्यातल्या 'तरुण' नावाच्या गटातलं आधीचं कर्ज नीट फेडलं असेल तर २० लाखांपर्यंत. तारण नसेल तर पत हमी योजना आहे. बँकेत जाताना वर्तमानपत्रातलं कात्रण नेऊ नका, ऑर्डरी न्या. तीन वकिलांची पत्रं, दोन गुऱ्हाळांच्या मागण्या, सहा महिन्यांचा खात्याचा उतारा. शाखाधिकाऱ्याला गावाच्या विकासात रस असो वा नसो, तुमचा हप्ता कशातून येणार हे त्याला दिसलं पाहिजे. आणि वैभववाडी रेल्वेसारखी जी कामं अनेक वर्षं नुसती मंजूर आहेत त्यांच्या भरवशावर एक रुपयाही उचलू नका.

शेवटी पाणी. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर आपण पाहिले. २०१९ मध्ये गणपतीच्या तोंडावर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात मूर्ती पाण्यात विरघळल्या, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. माझ्या गिऱ्हाइकांत एक कागदाचे व्यापारी होते. दुकानाच्या मागं दोन घरं सोडून त्यांचं गोदाम. पाणी उतरल्यावर मी आत गेलो तर रिमं फुगून वेष्टणं फाटलेली, पांढऱ्या कागदाचा चिखल झालेला. विम्याच्या कागदावर पत्ता फक्त दुकानाचा होता, गोदामाचा नव्हता. गोदामाचा दावा नाकारला गेला. कर्जाची फाईल मीच केली होती आणि तो पत्ता मी वाचला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्याकडून एकही फाईल विम्याचा पत्ता वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. तुमचा कागद, शाई, गिऱ्हाइकांच्या फायली कुठं-कुठं ठेवता ती प्रत्येक जागा पॉलिसीत लिहून घ्या, पूर त्यात धरला आहे हे बघा, आणि तळातली दोन फूट फळी रिकामी ठेवा. कोर्टाच्या मूळ कागदांची रोज स्कॅन प्रत दुसऱ्या ठिकाणी जपा.

या आठवड्यात एवढं करा. तुमच्या भावाला एक नमुन्याचं पेपरबुक बांधायला सांगा. पन्नास-साठ पानं, डावीकडं दीड इंच समास, कोपऱ्यात पानांचे आकडे, पुढं अनुक्रमणिका, मागं तुमचा फोन. ते घेऊन भाऊसिंगजी रोडच्या आसपासच्या पाच वकिलांच्या कचेऱ्यांत संध्याकाळी सहानंतर जा. दिवसा ते भेटणार नाहीत. दर सांगण्याआधी त्यांना विचारा, शेवटच्या वेळी फाईल परत का आली होती. ते जे सांगतील ते वहीत लिहून आणा आणि ती वही घेऊन माझ्याकडं या. मग आपण दर ठरवू.